ऑफिसचा डेस्कटॉप नेमका राहतो कुठे? साठ वर्षांची रस्सीखेच

इयरफोन लावून लोकलमध्ये, बसमध्ये किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, तर निवांत ऐका. आणि वाचत असाल, तर हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त मधले ‘अं’ आणि ‘हां’ काढून टाकलेत.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रोजच्या कामातला आहे. कंपनीने दिलेला लॅपटॉप तुम्ही उघडता, पासवर्ड टाकता, मग मोबाइलवर आलेला कोड टाकता. एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीच्या आत अजून एक विंडोज दिसतं. तुमच्या फायली, मेल, कामाची सॉफ्टवेअर, सगळं त्या आतल्या विंडोजमध्ये. आणि हे आतलं विंडोज तुमच्या टेबलावर नसतंच! ते कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालू असतं. तुमच्यापर्यंत येतं ते फक्त त्याचं चित्र. यालाच म्हणतात व्हर्च्युअल डेस्कटॉप.

आता नेट गेलं, की काय होतं? चित्र गोठतं. ‘रीकनेक्टिंग’ असं काहीतरी फिरत राहतं. तुमच्या मांडीवरचा लॅपटॉप धडधाकट आहे, बॅटरी आहे, प्रोसेसर आहे, मेमरी आहे. तरी एक ओळ टाइप करता येत नाही. इतकं ताकदवान यंत्र नुसतं खिडकीसारखं का वापरायचं? नेट नसताना काम चालावं असा प्रयत्न कोणी केलाच नाही का? केला होता, आणि चांगला केला होता. तीच गोष्ट आज ऐकायची आहे. पण त्यासाठी थोडं मागे जाऊ. थेट १९६१ मध्ये.

एक संगणक, रांगेत सगळे

त्या काळी संगणक म्हणजे खोली भरून यंत्र. वापरायची पद्धत अशी, की तुमचा प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून लिहायचा, गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि आपल्या नंबरची वाट बघायची. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागद हातात. त्यात कळायचं की तिसऱ्या कार्डावर स्वल्पविराम चुकलाय. परत रांग.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएमच्या ७०९ या यंत्रावर एक वेगळीच पद्धत चालवून दाखवली. नाव होतं सीटीएसएस, म्हणजे वेळ वाटून घेणारी यंत्रणा. उडपी हॉटेलातला एक चलाख वेटर आठ टेबलं सांभाळतो आणि प्रत्येकाला वाटतं की हा आपल्याकडेच लक्ष देतोय. तसंच हे. संगणक एकाचं थोडं काम करायचा, लगेच दुसऱ्याकडे वळायचा, मग तिसऱ्याकडे. माणसाच्या बोटांचा वेग यंत्रापुढे इतका कमी, की टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं, अख्खा संगणक माझाच.

एकच यंत्र अनेकांनी वापरायचं, तर फायली वेगळ्या ठेवायला हव्यात. त्यातून संगणकाचा पासवर्ड आला. सकाळी लॉगिन करताना तुम्ही जो वैतागता ना, त्याचं मूळ इथे आहे.

त्याच वर्षी जॉन मॅकार्थी या दुसऱ्या शास्त्रज्ञाने एमआयटीच्या शताब्दी कार्यक्रमात एक भाकीत केलं. टेलिफोनसारखीच गणनशक्तीसुद्धा एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल, असं त्याचं म्हणणं. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो, ती कल्पना इतकी जुनी आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या टर्मिनलला स्वतःची अक्कल नव्हती. तार तुटली की ते निव्वळ टाइपरायटर. म्हणजे ‘कनेक्शन गेलं, काम थांबलं’ हे दुखणंही तेवढंच जुनं.

चाळीतून ब्लॉकमध्ये

वेळ वाटून घेणं ही झाली चाळ. खोल्या वेगळ्या, पण नळ सामाईक, जिना सामाईक. एकाने पाणी सांडलं की सगळ्यांचे पाय ओले. पुढची पायरी होती प्रत्येकाला सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक द्यायची.

ती पायरी आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात चढली गेली. हे केंब्रिज म्हणजे एमआयटीच्या शेजारचं, अमेरिकेतलं. १९६७ च्या सुरुवातीला तिथे सीपी-४० नावाची यंत्रणा वापरात आली. तिने वेळेबरोबर अख्खा संगणकच ‘वाटला’. प्रत्येक वापरणाऱ्याला एक आभासी यंत्र मिळायचं: त्याची स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. शेजाऱ्याचं यंत्र कोसळलं तरी याला पत्ता नाही. पुढे २ ऑगस्ट १९७२ ला आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं आणि ही कल्पना बाजारात उतरली. ‘व्हर्च्युअल मशीन’ हा शब्द ऐकून नव्या जमान्याचं काहीतरी वाटतं, पण तुमच्या आईबाबांच्या शाळेच्या दिवसांत ते विकलं जात होतं.

‘दुरून काम’ ही कल्पनाही त्याच सुमाराची. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात माउस, पडद्यावरच्या खिडक्या आणि व्हिडिओवरून एकत्र काम, हे सगळं एका बैठकीत दाखवलं. त्यांचा संगणक मात्र सभागृहात नव्हता. तो होता पन्नासेक किलोमीटर दूर मेन्लो पार्कमध्ये. आणि १९७३ मध्ये जॅक निल्स यांनी ‘टेलिकम्यूटिंग’ हा शब्द घडवला. माणसांना रोज कामाच्या जागी नेण्यापेक्षा काम माणसांपर्यंत न्या, हा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि मुद्दा लोकांच्या चांगलाच लक्षात आला.

टेबलावरचं स्वराज्य

मग १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला आणि चित्र पालटलं. मध्यवर्ती यंत्राच्या मालकाची मनधरणी करायची गरज संपली. संगणक माझ्या टेबलावर, फ्लॉपी माझ्या खिशात, काम माझ्या हातात. तार तुटो वा राहो, काही फरक पडत नव्हता. त्या अर्थाने हे ऑफलाइनचं सुवर्णयुग.

पण कंपन्यांच्या संगणक विभागाला विचारा! शंभर टेबलांवर शंभर पीसी, प्रत्येकात वेगळं सॉफ्टवेअर, वेगळे व्हायरस. हिशेबाच्या एकाच फाइलच्या सात आवृत्त्या आणि खरी कुठली ते कोणालाच ठाऊक नाही. एक नवं सॉफ्टवेअर घालायचं तर माणसाने डिस्क घेऊन टेबलोटेबली फिरायचं. डिस्क बिघडली की वर्षाचं काम पाण्यात.

त्यामुळे स्वराज्य आल्याबरोबरच उलटी ओढही सुरू झाली. आणि ती ओढ एका माणसाने ओळखली.

फक्त चित्र पाठवा

एड याकोबुची हे आयबीएममध्ये ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे प्रमुख अभियंता. १९८९ मध्ये नोकरी सोडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीचं नाव सिट्रस, मग झालं सिट्रिक्स. त्यांचा विचार साधा होता: प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालू दे. टेबलावरून सर्व्हरकडे जातील फक्त कळा आणि माउसची हालचाल. सर्व्हरकडून टेबलाकडे येईल फक्त पडद्याचं चित्र. मग टेबलावरचं यंत्र कितीही जुनं असेना.

पहिली काही वर्षं ओढाताणीची गेली. १९९५ मध्ये त्यांनी मायक्रोसॉफ्टकडून परवाना घेऊन विंडोज एनटीवर आधारलेलं विनफ्रेम आणलं आणि गाडी रुळावर आली. पण फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने कळवलं, की आता असली गोष्ट आम्ही स्वतःच बनवू. सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधलं, की असा प्रसंग येतो. पण काही आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर मे महिन्यात करार झाला. मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सचं तंत्रज्ञान वापरण्यासाठी साडेसात कोटी डॉलर आगाऊ आणि पुढे दहा कोटींपर्यंत रॉयल्टी द्यायचं कबूल केलं. १९९८ मध्ये विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर आरडीपी. ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणून तुम्ही जे वापरता, ते हेच.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका संशोधनशाळेने व्हीएनसी नावाचं साधन सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. कुठल्याही यंत्राचा पडदा कुठूनही बघा, ही त्याची करामत. तर १९९९ मध्ये सन कंपनीने सन रे आणलं: स्मार्टकार्ड काढून दुसऱ्या टेबलावरच्या यंत्रात घातलं, की तुमचा अर्धवट टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा तिथे हजर.

यात कंपन्यांना खरा मोह कशाचा होता, ते बघा. चित्र प्रवास करतं, पण माहिती जागची हलत नाही. परदेशातल्या बँकेचं काम ऐरोलीत किंवा हिंजवडीत होऊ शकतं आणि ग्राहकांच्या खात्यांचा तपशील बँकेच्याच सर्व्हरवर राहतो. आपल्याकडच्या बीपीओ आणि आयटी उद्योगाचा मोठा भाग या सोयीवर उभा राहिला. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढलं, तेव्हा परदेशाशी जोडायला उपग्रहाची स्वतंत्र जोडणी घ्यावी लागली होती. वीसेक वर्षांत तेच काम समुद्राखालच्या केबलवरून सहज होऊ लागलं.

एक मर्यादा मात्र कोणालाच ओलांडता येत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे तुम्ही ‘क’ दाबलात, ती कळ तिथे जाऊन ‘क’चं चित्र परत यायला कमीत कमी सेकंदाचा आठवा भाग लागणार. केबल सरळ जात नाही, वाटेत यंत्रंही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. दिवसभर अशा उशिराने उमटणारी अक्षरं बघत टाइप करणाऱ्यांना हे गणित सांगायला नको. बोटांना ते पाठ असतं.

व्हीडीआय आणि सकाळचं वादळ

आता ती जुनी ब्लॉकची कल्पना परत येते. टर्मिनल सर्व्हरवर सगळे एकाच विंडोजमध्ये बसायचे. म्हणजे पुन्हा चाळच. प्रत्येकाला वेगळं विंडोज द्यायचं, तर पीसीच्या प्रोसेसरवर आभासी यंत्र चालवता यायला हवं. अडचण अशी, की इंटेलचा तो प्रोसेसर त्यासाठी घडवलाच नव्हता. त्यातल्या सतरा आज्ञा अशा आडमुठ्या होत्या, की आभासी यंत्राचा देखावाच मोडायच्या.

१९९८ मध्ये डायन ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी व्हीएमवेअर काढली आणि पुढच्याच वर्षी ही अडचण सॉफ्टवेअरने सोडवून दाखवली. नडणाऱ्या आज्ञा चालता चालताच निरुपद्रवी आज्ञांमध्ये बदलून टाकायच्या, ही त्यांची युक्ती. २००६ च्या सुमारास कंपन्यांनी या यंत्रांमध्ये कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप ठेवायला सुरुवात केली आणि व्हीडीआय हा शब्द रूढ झाला.

त्यातही गंमत होतीच. सकाळी नऊ वाजता हजार माणसं एकदम लॉगिन करणार, म्हणजे हजार विंडोज एकाच डिस्कवरून एकदम उठणार. या प्रकाराला नावच पडलं ‘बूट स्टॉर्म’. सर्व्हर विकत घेताना हिशेब दिवसभराच्या सरासरीचा केलेला. आणि गर्दी सगळी ९ वाजून ५ मिनिटांची. लोकलच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाला हे समजवायची गरज नाही.

पावसाळ्याची बेगमी

आता येऊ आपल्या मूळ प्रश्नाकडे. नेट नसताना काय?

याचं उत्तर शोधायची सुरुवात केली महादेव सत्यनारायणन यांनी. आयआयटी मद्रासमधून शिकून ते अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. १९८७ पासून त्यांच्या गटाने कोडा नावाची फाइल यंत्रणा बांधायला घेतली. १९९१ मध्ये जेम्स किस्लर यांच्याबरोबरच्या शोधनिबंधात त्यांनी मांडलं, की जोडणी तुटणं हा अपघात समजू नका, कामाचा नेहमीचा भाग समजा आणि त्याची तयारी आधीच ठेवा.

कोकणातल्या घरांत पावसाळ्याआधी काय करतात? तांदूळ, सुकी मासळी, सरपण, पापड भरून ठेवतात. चार महिने रस्ता बंद पडला तरी चूल चालू राहते. कोडा तेच करायची. जोडणी असताना लागतील अशा फायलींची बेगमी करायची. जोडणी तुटली की त्या साठ्यावर काम चालवायचं आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची. जोडणी परत आली की नोंदीप्रमाणे सर्व्हरवर बदल उतरवायचे. मधल्या काळात तीच फाइल दुसऱ्या कोणी बदलली असेल तर भांडण. ते मात्र माणसाने सोडवायचं.

२००२ मध्ये सत्यनारायणन आणि मायकेल कोझुक यांनी याला आभासी यंत्राची जोड दिली. नाव ठेवलं ‘इंटरनेट सस्पेंड-रिझ्यूम’. फायलींबरोबर अख्खा चालू संगणक, उघड्या खिडक्यांसकट, एका ठिकाणी थांबवायचा आणि दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर तिथूनच पुढे सुरू करायचा. यंत्र उचलून न्यायची गरज नाही.

बाजारात हे यायला थोडी वर्षं गेली. २०१० मध्ये व्हीएमवेअरच्या व्ह्यू या उत्पादनात ‘लोकल मोड’ आला आणि त्याच वर्षी सिट्रिक्सने झेनक्लायंट आणलं. लोकल मोडची पद्धत ग्रंथालयासारखी. प्रवासाला निघण्याआधी तुमचा डेस्कटॉप ‘चेक आउट’ करायचा. सगळी प्रत, कित्येक जीबी, कुलूपबंद सांकेतिक रूपात लॅपटॉपवर उतरायची. डेटा सेंटरमधली मूळ प्रत तोवर गोठवून ठेवायची, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळे बदल व्हायचा प्रश्नच नाही. विमानात, गावी, कुठेही काम करा. परत आल्यावर ‘चेक इन’, आणि फक्त बदललेला भाग वर जायचा. कंपनीला मुदत ठरवता यायची: ठराविक काळ सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर डेस्कटॉप आपोआप बंद. ग्रंथालयाचं पुस्तक आहे, परत तर करावंच लागणार.

इतकी चांगली सोय, मग ती गेली कुठे? काही वर्षांत दोन्ही कंपन्यांनी हे गुंडाळलं. कारणं साधी होती. पहिली प्रत उतरायला भरपूर वेळ लागायचा. झेनक्लायंट थेट यंत्रावर चालायचं, त्यामुळे ठराविक लॅपटॉपच चालायचे. चेक आउट करायचं आधी आठवायला हवं, आणि नेट काय सांगून जातं का? शिवाय लॅपटॉपवर प्रत आली, म्हणजे ‘माहिती जागची हलत नाही’ हा मुख्य फायदाच गेला. या सगळ्यांवर कडी म्हणजे तेवढ्यात मोबाइल इंटरनेट वाढलं. नेट आता सगळीकडे असणारच, मग ही यातायात कशाला, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

ही ‘सगळीकडे’ ची व्याख्या कोणी केली, ते मात्र विचारायला हवं. ज्या शहरांत ही सॉफ्टवेअर बनत होती, तिथल्या लोकांनी.

२४ मार्च, रात्री आठ

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने वर्कस्पेसेस जाहीर केलं: डेस्कटॉप भाड्याने. सप्टेंबर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा क्लाउडमधला विंडोज डेस्कटॉप सगळ्यांसाठी खुला झाला. आणि सहा महिन्यांत परीक्षा आली.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदीची घोषणा झाली, मध्यरात्रीपासून लागू. त्याआधी १३ मार्चला दूरसंचार विभागाने बीपीओसारख्या सेवांसाठी घरून काम करण्याच्या अटी तात्पुरत्या सैल केल्या होत्या, कारण तोवर नियमांनीच हात बांधलेले होते. ग्राहक कंपन्यांचे करारही तसेच. मोबाइल बाहेर ठेवून ज्या बंद दालनात शिरायचं, तिथेच काम व्हायला हवं, अशा अटी. त्या अटी बदलायला परदेशातून परवानग्या मागाव्या लागल्या. अनेक कंपन्यांनी ऑफिसचे डेस्कटॉप, मॉनिटरसकट, गाड्यांत भरून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले. तर ज्यांचे डेस्कटॉप आधीच आभासी होते, त्यांनी घरचं जे यंत्र हाताशी होतं त्यावरून लॉगिन केलं. मुख्यालय मुंबईत असलेल्या टीसीएसचे तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास कर्मचारी होते आणि त्यातले बहुतेक घरून काम करू लागले. कंपनीने तर २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांनी ऑफिसात यायची गरज उरणार नाही, असं उद्दिष्टही जाहीर केलं. (पुढे त्याच कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं, तो वेगळा भाग होईल.)

या तंत्रज्ञानाने त्या वर्षी लाखो लोकांच्या नोकऱ्या वाचवल्या, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच वर्षाची दुसरी बाजू बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब पडले, मोबाइल टॉवर बंद झाले, रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. टाळेबंदीत गावी गेलेला एखादा मुलगा तिथून आभासी डेस्कटॉपवर काम करत असेल, तर त्याचं ऑफिस त्या दिवशी नाहीसं झालं. लॅपटॉप होता, शेजारच्या जनरेटरवर चार्जही करता आला असता. पण आत काहीच नव्हतं. आणि ही फक्त गावची गोष्ट नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी वीजपुरवठ्याच्या बिघाडाने मुंबई आणि आसपासचा मोठा भाग अंधारात गेला. घरी बसून काम करणारे हजारो लोक एकाच वेळी पडद्याबाहेर फेकले गेले.

दोन्ही टोकांना खड्डा

मग सगळं परत लॅपटॉपवर आणायचं का? थांबा, एवढं सोपं नाही.

लोकलमध्ये लॅपटॉपची बॅग राहिली असं समजा. आभासी डेस्कटॉप असेल तर गेलं ते फक्त यंत्र. ग्राहकांची माहिती सुरक्षित. नसेल तर चौकशी, खुलासे आणि कदाचित नोकरीवर गदा. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली अंदाजे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा हजारो यंत्रांजवळ माणूस प्रत्यक्ष जाऊन, ती एकेक करून सुरू करावी लागली. टेबलावरच्या स्वराज्याची किंमत ती.

म्हणजे दोन्ही टोकांना खड्डा आहे. केंद्राकडे ओढलं, तर तार तुटली की सगळे रिकामे. टेबलाकडे ओढलं, तर सांभाळ अवघड. साठ वर्षं ही दोरी इकडून तिकडे जातेय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ३६५ आणलं, म्हणजे महिन्याच्या वर्गणीचा पीसी. आणि एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी काय जाहीर केलं असेल? त्यालाच ऑफलाइन चालवायची सोय आणण्याचा बेत. नेट नसताना काम करा, नेट आलं की जुळवून घ्या. सत्यनारायणन यांच्या निबंधाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती.

या रस्सीखेचीत तिसरा एक जण आहे, ज्याला सहसा कोणी विचारत नाही: पडद्यासमोर बसलेला माणूस. डेस्कटॉप डेटा सेंटरमध्ये असला, की तो कधी सुरू झाला, किती वेळ स्थिर होता, कधी बंद झाला, याची नोंद तिथे सहज ठेवता येते. खातं बंद करायला एक कळ पुरते, आणि क्षणात माणसाचं सगळं काम त्याच्या हाताबाहेर जातं. नेट गेलं आणि दोन तास स्क्रीन बंद राहिली, तर ते दोन तास कोणाच्या खात्यात धरायचे, हे तंत्रज्ञान ठरवत नाही. ते कंपनीच्या धोरणात लिहिलेलं असतं, किंवा लिहिलेलंच नसतं आणि टीम लीडच्या मर्जीवर चालतं.

म्हणून नव्या नोकरीत रुजू होताना, किंवा आता असलेल्या नोकरीतही, तीन गोष्टी मेलवर विचारून घ्या. एक: जोडणी तुटली तर तो वेळ हजेरीत कसा धरतात, आणि कळवायचं कोणाला, कशाने? दोन: कुठल्या फायली आणि मेल ऑफलाइन ठेवायची परवानगी आहे? अनेक ठिकाणी मेल आणि काही कागदपत्रं ठेवता येतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि परवानगी नसताना स्वतःच्या ड्राइव्हवर काही उतरवू नका. तो पेच अंगाशी येतो. तीन: माझ्या डेस्कटॉपच्या कुठल्या नोंदी ठेवल्या जातात आणि त्या कोण बघतं? उत्तर लेखी असलेलं बरं. निसर्ग वादळानंतर ज्यांच्याकडे असं लेखी काही होतं, त्यांचं आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं, नुकसान सारखं नसणार.

आणि हो, गावी जायचं असेल तर थोडी बेगमी करून जा. दुसरं सिम, चार्ज केलेली पॉवर बँक आणि लीडचा फोन नंबर कागदावर लिहिलेला. डेस्कटॉप गेला की त्यातली नंबरांची यादीही जाते, हे लोकांना नेमकं त्याच दिवशी आठवतं.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या ऑफिसात नेट गेल्यावर काय करतात, चहाला जातात की अर्ध्या दिवसाची रजा कापतात, ते आम्हाला नक्की कळवा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, जो दर मीटिंगमध्ये ‘माझा आवाज येतोय का?’ विचारत असतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!